सोलापूरहून रात्रभराच्या बोटीवर टूना धरायला जायचे असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सोलापूरचे पाच जण, उजनीवर दहा वर्षे गळ टाकताय, आणि आता दिवाळीनंतर कोकणातून एका रात्रीसाठी बोट ठरवून खोल समुद्रात टूना धरायचा बेत आहे. बोट कशी निवडायची, सामान कोणते घ्यायचे, पाचांतल्या एकाला एसटीसुद्धा लागते त्याचे काय करायचे, आणि धरलेला मासा सोलापूरपर्यंत खाण्याजोगा कसा आणायचा, हे तुम्ही विचारले आहे. मी जुळे सोलापुरात राहतो. गेली बावीस वर्षे दर हिवाळ्यात दोन-तीन वेळा समुद्रावर जातो. सुरुवात मीही उजनीच्या काठावरच केली, त्यामुळे तुम्ही कुठून विचारताय ते मला नेमके कळते.

सगळ्यात आधी एक समज बदला. रात्रभराची बोट म्हणजे रात्रभर मासेमारी, असे मनात धरून गेलात तर पहाटे तुम्ही गळून गेलेले असाल आणि खरी वेळ तेव्हाच सुरू होत असेल. रात्र असते ती तिथे पोहोचण्यासाठी. टूना डोळ्यांनी शिकार करणारा मासा. रात्री खोल पाण्यातली बारीक मासळी, माकुल, कोळंबीसारखे जीव वर येतात आणि उजाडायला लागले की परत खाली उतरतात. पूर्वेला फटफटायला लागल्यापासून सूर्य हातभर वर येईपर्यंतच्या त्या तास-दीड तासात ही बारीक मासळी वरच्या पाण्यात असते आणि टूनाला ती दिसू लागलेली असते. तेवढ्या वेळात तुमची बोट योग्य पाण्यावर हवी, गळ बांधून तयार हवे आणि तुम्ही झोप झालेले, पोट जागेवर असलेले हवेत. बाकी सगळी तयारी या एका तासासाठी करायची. मी पुढे जे सांगतो आहे ते सगळे इथूनच येते.

आता हे योग्य पाणी कुठे असते? आपला पश्चिम किनारा खाली लगेच खोल होत नाही. किनाऱ्यापासून आत एक उथळ पठार पसरलेले आहे, आणि ते संपते तिथे तळ झपाट्याने खाली जातो. दमणसमोर हे पठार साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपास रुंद आहे, गोव्यासमोर सुमारे १२०, आणि कोचीसमोर साठेक किलोमीटर. म्हणजे मुंबईहून एका रात्रीत पठाराच्या कडेला पोहोचणे साध्या बोटीला जमणार नाही. जितके दक्षिणेला जाल तितकी कड जवळ येते. म्हणून मी तुम्हाला मालवण किंवा त्याच्याही खालचा किनारा सुचवतो. हिशेब साधा आहे. ८ नॉट म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर. रात्री साडेनऊला सुटलेली बोट पहाटे पाचला ११० किलोमीटर आत असते. विजयदुर्गासमोर साधारण एवढ्याच अंतरावर आंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळ पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. त्याचा माथा पाण्याखाली २० मीटरवर आहे. त्या भागात जाणाऱ्या कुणी तिथे नांगर टाकतो म्हटले तर साफ नाही म्हणा. शेकडो वर्षांत वाढलेले प्रवाळ एका नांगराने मोडते. बोट वाहती ठेवूनच गळ टाकायचा.

कोणता मासा मिळेल, याबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मोबाइलवर दिसणारा माणसाएवढा यलोफिन टूना एका रात्रीत मालवणहून मिळेलच असे नाही. तो मोकळ्या खोल समुद्राचा मासा, कडेच्या पलीकडचा. कोकणात ज्याला आपण कुपा आणि गेदर म्हणतो ते पठारावरचे टूना तुमच्या आवाक्यातले. त्यात पाठीवर तिरप्या रेघा असलेला लहान कुपा दोन-चार किलोचा, आणि लाँगटेल नावाचा टूना सहा-आठ किलोपासून पुढे. कडेजवळ पोहोचलात तर स्किपजॅक टूनाचे थवे भेटतात, त्याच्या पोटावर लांब काळे पट्टे असतात. या माशांसोबत सुरमई जवळजवळ नक्की भेटते. मोठ्या यलोफिनचाच ध्यास असेल तर अंदमानला जा. तिथे बेटांपासून थोड्या अंतरावरच पाणी खोल जाते आणि हौशी मासेमारीच्या ठरीव बोटी मिळतात. पण माझे ऐकाल तर पहिली दोन वर्षे कुप्यावर काढा. उजनीचा आठ किलोचा कटला खेळवलेल्या माणसालाही चार किलोचा कुपा पहिल्या झटक्यात चकित करतो. कटला धावतो, थांबतो, दम घेतो. टूनाला थांबताच येत नाही. पुढे पोहत राहिला तरच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहते आणि त्याला श्वास मिळतो. म्हणून तो शेवटपर्यंत पळतच असतो.

हंगाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरचा समुद्र हौशी माणसाचा नाही. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा माझा काळ. दिवाळीनंतरचा तुमचा बेत चांगला आहे, फक्त तारीख दगडावर कोरू नका. पावसाळा सरल्यावर अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात. ऑक्टोबर २०१९ मधले क्यार दिवाळीच्या तोंडावरच आले होते. निघण्याआधी चार दिवस रोज इनकॉइसचा सागरी अंदाज बघा. ही संस्था आपल्याच पुणे-हैदराबाद रस्त्याच्या त्या टोकाला, हैदराबादला आहे. लाटांची उंची, वारा, लांबून येणाऱ्या उसळत्या लाटांचा इशारा, सगळे त्यांच्याकडे मिळते. शिवाय उपग्रहाने मोजलेले पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांवरून मासळी कुठे असण्याची शक्यता आहे त्याचे पत्रक ते काढतात, बंदरापासून दिशा आणि अंतर देऊन. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ते बघतोच, तुम्हीही बघा, म्हणजे बोलणे समजेल. माझा स्वतःचा नियम: लाट दीड मीटरच्या वर सांगितली असेल तर सोलापूर सोडायचे नाही. बोट त्याहून मोठ्या लाटेत चालते हे मला माहीत आहे. पण माणूस त्या लाटेत गळ बांधू शकत नाही, आणि पाचांपैकी तिघे आडवे असतात.

तिथी शक्यतो अष्टमी-नवमीच्या आसपासची धरा. कोकणात त्याला भांग म्हणतात, पाण्याची ओढ कमी असते. पौर्णिमेच्या रात्री मासा चांदण्यात खाऊन घेतो आणि पहाटे मंद असतो, असा माझा अनुभव आहे. सगळे तांडेल हे मानत नाहीत.

बोट निवडताना मी किमतीआधी कागद मागतो. मासेमारीची नोंद असलेल्या बोटीला प्रवासी न्यायची मुभा नसते, प्रवासी वाहतुकीचा परवाना वेगळा असतो आणि तो मेरीटाईम बोर्डाकडून घ्यावा लागतो. ओळखीच्या नाखव्याच्या ट्रॉलरवर "येतो आम्हीपण" म्हणून चढू नका. काही झाले तर विमा नाही, आणि बिचारा नाखवाही अडकतो. परवाना, विमा, किती माणसांची परवानगी आहे ते आधी फोटो काढून मागवा. मूळ आधार कार्ड सोबत ठेवा, तपासणीत लागते. मग बोट प्रत्यक्ष बघा, आणि तीही दुपारच्या उजेडात. लाइफ जॅकेट किती आहेत हे विचारू नका, काढून अंगावर चढवून बघा. माझ्या एका जुन्या फेरीत जॅकेट होती, पण बर्फाच्या खणामागे दोरीने बांधून ठेवलेली, आणि निम्म्यांचे बंद कुजलेले. ते मला किनारा दिसेनासा झाल्यावर कळले. ती रात्र मी विसरलेलो नाही.

उजनीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वाऱ्यात उलटली आणि ६ माणसे गेली. तो आपला रोजचा धरणाचा पट्टा होता, दोन्ही काठ डोळ्यांना दिसणारा. समुद्रात काठ नसतो. म्हणून अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत जॅकेट अंगावरच ठेवायचे, झोपतानासुद्धा. आणि एक गोष्ट लाज न बाळगता सांगतो: रात्री लघवीला कठड्याशी एकट्याने जायचे नाही. माणूस पाण्यात पडण्याचे हे फार साधे आणि फार मोठे कारण आहे. सोबत्याला उठवा, त्याने तुमच्या जॅकेटचा पट्टा धरून उभे राहायचे. किंवा सरळ बादली वापरा.

मोबाइलची रेंज काही किलोमीटरवर संपते. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा बिनतारी संच) चालू आहे का, संकटाच्या वाहिनी १६ वर कुणी ऐकते आहे का, हे निघण्याआधी तुमच्यासमोर करून दाखवायला सांगा. संकटात उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र असेल तर उत्तम, ते कुठे आहे आणि कसे दाबायचे हे पाचांनाही ठाऊक हवे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ घरी लिहून द्या, परतायची वेळही लिहून द्या. ती वेळ टळून तीन तास झाले तर फोन करायचा, असे घरच्यांना सांगून ठेवा.

पैशांचे म्हणाल तर निम्म्याहून जास्त भाग डिझेलचा असतो. बोटीचे इंजिन तासाला १५ लिटर पीत असेल आणि जाऊन-येऊन, फिरून सतरा-अठरा तास चालणार असेल, तर डिझेल किती आणि उरलेले खलाशी, बर्फ, परवाना यांचे किती, हा हिशेब तुम्हीच मांडू शकता. फार स्वस्त सांगणारा एक तर लांब जाणार नाही, किंवा कुठेतरी काटकसर करणार. व्यवहार करताना एक वाक्य लिहून घ्या: हवामान बिघडले तर तारीख पुढे जाईल, आगाऊ रक्कम बुडणार नाही. हे लिहून घेतलेले असले की पैसे वाया जातील म्हणून कुणी वाईट समुद्रात निघत नाही. तांडेल नको म्हणाला तर विषय तिथेच संपवायचा. तो हो म्हणाला आणि तुमचे मन नको म्हणत असेल, तरी नकोच.

सोलापूर ते मालवण चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे फोंडा घाट. पहाटे निघून त्याच रात्री बोटीवर चढू नका. आदल्या दिवशी पोहोचा, रात्री नीट झोपा, दुसऱ्या दिवशी दुपारीही डोळा लावा. हा एक जादा दिवस तुमच्या कामाच्या गणितात बसत नसेल तर फेरीच पुढे ढकला. जागरणाने पोट लवकर ढवळते, आणि तुमच्या त्या एसटी लागणाऱ्या मित्रासाठी तर हा दिवस औषधापेक्षा मोठा.

त्या मित्राबद्दल. त्याला मागे ठेवू नका, पण त्याच्यासाठी आधी एक अर्ध्या दिवसाची किनाऱ्याजवळची फेरी करा. उजनीच्या पाण्यावर काही कळणार नाही, तिथे लाट आखूड असते. समुद्राची लांब डुलणी वेगळी. डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी घ्यावी आणि ती बोटीवर चढण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. बोटीवर त्याने मागच्या अर्ध्या भागात, मध्यरेषेजवळ, वाऱ्याला तोंड करून बसावे. पुढची नाळ सगळ्यात जास्त वर-खाली होते, आणि केबिनमध्ये डिझेलचा वास असतो. नजर क्षितिजावर, अंधारात किनाऱ्याच्या दिव्यांवर. तेही दिसेनासे झाले की डोळे मिटून सरळ आडवे व्हावे. मोबाइल बघायचा नाही, गाठी बांधायच्या नाहीत. गाठी सगळ्या किनाऱ्यावरच बांधून घ्यायच्या.

खायला आपली कडक भाकरी समुद्रासाठीच केल्यासारखी आहे. ओलसर हवेतही डब्यात टिकते, पोटात जड होत नाही, मळमळ असताना नुसता तुकडा चघळला तरी बरे वाटते. शेंगा चटणी मात्र रात्री नको, तेल आणि तिखट दोन्ही वर येतात. ती परतीच्या वाटेवर, मासा बर्फात गेल्यावर उघडा. सोबत केळी, गूळ, आल्याचे तुकडे, आणि माणशी चार लिटर पाणी.

रात्री बोट चालू असताना दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करू, असे कुणी सुचवले तर थांबवा. एलईडी आणि इतर कृत्रिम प्रकाशाने मासळी ओढून धरण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातलेली आहे, आणि ती योग्य आहे. त्या दिव्यांखाली लहानमोठे सगळेच खेचले जाते. तुम्ही झोपा. पाळी लावून दोघे जागे राहा, बाकीचे आडवे. पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवायचे.

आता सामान. तुमचे उजनीचे रॉड इथे चालणार नाहीत, रीळ तर नाहीच. खाऱ्या पाण्याचे, आतून सीलबंद असलेले ५००० ते ६००० आकाराचे स्पिनिंग रीळ, त्याला शोभेल असा सात फुटी रॉड, पीई २ ते ३ जाडीची वेणी दोरी निदान ३०० मीटर, आणि पुढे ४० पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड पारदर्शक दोर, दोन वाव. कुप्यासाठी एवढे पुरते. सोबत एक जाडा संच असू द्या, १०,००० च्या वरचे रीळ आणि पीई ५, कारण खालून काय येईल ते सांगता येत नाही. वेणी आणि लीडर जोडणारी एफजी गाठ घरी बसून पन्नास वेळा बांधा आणि ओढून तोडून बघा. माझे सुरुवातीचे तीन चांगले मासे गाठीतच गेले.

आमिषात माणसे मोठ्या चुका करतात. मोठा मासा म्हणून मोठे आमिष, असे इथे चालत नाही. कुपा बहुतेक वेळा बोटाएवढ्या मांदेली-नेतलीच्या मागे असतो. ३० ते ६० ग्रॅमची चंदेरी धातूची बारीक जिग, म्हणजे माशासारखे चकाकणारे खोटे आमिष, सगळ्यात जास्त मासे देते. त्यावरचा तीनतोंडी गळ काढून टाका आणि एकेरी गळ लावा. तो माशाच्या तोंडात घट्ट बसतो, आणि बोटीवर कुणाच्या हातात घुसला तर काढता येतो. खोल पाण्यासाठी १०० ते २०० ग्रॅमच्या चार-सहा जिग घ्या. मागे ओढत न्यायच्या ट्रोलिंगसाठी दोन घागरेवाले आणि दोन माशाच्या आकाराचे ल्युअर (खोटी आमिषे) पुरे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोर सोडू लागेल ते ठरवणारी पकड. तो बोटांनी अंदाजाने लावू नका. किनाऱ्यावरच ताणकाट्याला दोर बांधा, मित्राला काटा धरायला सांगा, रॉड वाकवा आणि दोर सुटायला लागतो तेव्हा काटा किती दाखवतो ते बघा. दोरीच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा एवढाच ठेवायचा. पीई ३ वर चार-साडेचार किलो. उजनीवर आपल्याला ड्रॅग घट्ट करून मासा थोपवायची सवय आहे. टूनाच्या पहिल्या धावेत नॉबला हात लावायचाच नाही. शंभर मीटर दोर जाऊ द्या. रिळात जितका दोर कमी उरतो तितका ओढीचा ताण आपोआप वाढतो, त्यात तुम्ही आणखी आवळले की दोर तुटलाच.

पहाट. फटफटले की बोटीचा वेग ६-७ नॉटवर आणून चार दोर मागे सोडायचे, प्रत्येक वेगळ्या अंतरावर, म्हणजे वळताना गुंतत नाहीत. आणि सगळ्यांनी डोळे आकाशाला लावायचे. उजनीवर नदी सुरय पाण्यावर कसा सूर मारतो ते तुम्ही पाहिले आहे. समुद्रातही सुरयच वाट दाखवतात. एकटादुकटा पक्षी उंचावरून उडत असेल तर तो शोधतो आहे. थवा खाली घिरट्या घालून सारखा पाण्यात पडत असेल तर खाली कुप्याने मासळी वर कोंडली आहे. जवळ गेलात की पाणी उकळल्यासारखे दिसते, आणि पावसाच्या सरीसारखा आवाज येतो.

इथे उतावळा माणूस सगळे घालवतो. बोट थव्यातून नेली की मासा खाली बसतो आणि अर्धा किलोमीटर पलीकडे निघतो. तांडेलला आधीच सांगून ठेवा: थव्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, त्याच्या पुढच्या वाटेवर बोट न्यायची, इंजिन मंद करायचे आणि वाऱ्यानेच जवळ वाहत जायचे. जिग थव्याच्या मध्ये फेकायची नाही, पुढच्या कडेला फेकायची, पाच-सहा आकडे मोजून बुडू द्यायची आणि मग हात दुखेल इतक्या वेगाने गुंडाळायची. टूना संथ आमिषाकडे ढुंकून बघत नाही. एकाच बाजूला पाचही जण उभे राहू नका. दोघांनी फेकायचे, एकाने मासा वर घ्यायचा आकडा धरायचा, एकाने बर्फाशी थांबायचे, एकाने विसावा घ्यायचा. मासा लागला की पाळी बदलते.

मासा लागल्यावर रॉड फार उभा करायचा नाही. दोर बोटीच्या कडेला काटकोनात ठेवा, मासा नाळेकडे गेला तर तुम्हीही चालत तिकडे जा. रॉड हळू उचलायचा, खाली आणताना गुंडाळायचे, दोर कधीही सैल पडू द्यायचा नाही. टूना शेवटी बोटीखाली गोल गोल फिरतो. त्या फेऱ्यात तो तुमच्यापासून लांब जातो तेव्हा नुसते धरून ठेवा, वळून तुमच्याकडे येतो तेव्हा दोर मिळवा. अशा दहा-पंधरा फेऱ्या होतात आणि हात भरून येतात. वेणी दोर कधीही हाताला गुंडाळू नका, ती हाताचे बोट कापते. हातमोजे घाला. फार वेळही लावू नका, कारण दमलेल्या माशाच्या मागे मुशी लागते आणि वर नुसते डोके येते.

ठेवायचा नसेल तो मासा पाण्यातच सोडवा. बोटीवर घेतलाच असेल तर ओल्या हातांनी धरून, डोके खाली करून, वरून जोरात पाण्यात सोडायचा. असे केले की कल्ल्यांतून एकदम पाणी जाते आणि तो पोहायला लागतो. अलगद ठेवलेला टूना बुडतो. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क दिसले तर दोर आत घ्या आणि बघत राहा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहेत, आणि व्हेल शार्क तर भाग्याने दिसतो.

आता बर्फ. यावर मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो आणि त्याला कारण आहे. माझ्या दुसऱ्याच फेरीत आम्ही चार चांगले गेदर धरले. बोटीवर बर्फ कमी भरला होता, विचारले नाही ही चूक आमची. मासे ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवले आणि उन्हात तीन-चार तास गेले. सोलापूरला येऊन त्याच रात्री कालवण केले. वास ठीक होता, चवही ठीक. जेवण होऊन अर्धा तास झाला नसेल, माझ्या मेहुण्याचा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकायला लागले, छाती धडधडायला लागली. माझ्या आईलाही अंगावर गांधी उठल्या. रात्री दवाखाना गाठला. दोघेही सकाळपर्यंत बरे झाले, पण आईची ती घाबरी नजर मला अजून आठवते.

डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. टूनाच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असते. मासा गरम राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात, आणि एकदा ते झाले की शिजवून, तळून, गोठवून जात नाही. टूनाचा धोका इतर माशांपेक्षा मोठा आहे, कारण त्याचे शरीर भोवतालच्या पाण्याहून गरम असते आणि झुंजीत आणखी तापते. म्हणून तो वर आला की पहिल्या पाच मिनिटांत सगळे करायचे. डोक्यावर एकच नेमका घाव घालून शांत करा. दोन्ही बाजूच्या परांच्या मागे तीन-चार बोटांवर, मधल्या रेषेवर, बोटाच्या दोन पेरांएवढी खोल चीर द्या, कल्ल्यांची शीर कापा, आणि शेपटीला दोर बांधून बादलीभर वाहत्या पाण्यात रक्त जाऊ द्या. मग पोट आणि कल्ले साफ करून बर्फपाण्यात बुडवा. बर्फपाणी म्हणजे दोन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग समुद्राचे पाणी. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूनेच गार होतो. खारे बर्फपाणी शून्याच्याही खाली जाते आणि चहूबाजूंनी भिडते. निघताना माशाच्या अपेक्षित वजनाच्या दुप्पट बर्फ मोजून घ्या, लाद्या किनाऱ्यावरच फोडून घ्या. आणि खणातला बर्फ अर्धा वापरला गेला की गळ आत घ्या, मासा कितीही लागत असो.

साडेनऊच्या सुमारास परत फिरा. दुपारी खारा वारा सुटतो, पण तो तुमच्या पाठीमागून असतो. संध्याकाळी किनाऱ्याला लागलात की त्याच रात्री घाट चढू नका, जागलेल्या डोळ्यांनी गाडी चालवणे समुद्रापेक्षा धोक्याचे. मुक्काम करा. बर्फपाण्यातले मासे बाहेर काढून जाड पिशव्यांत बांधा, उष्णतारोधक पेटीत बर्फाच्या चुऱ्यात थर देऊन रचा, पेटीचे खालचे बूच उघडे ठेवा म्हणजे वितळलेले पाणी निघून जाईल. कोल्हापूरला थांबून चुरा पुन्हा भरा. मिरजेच्या पुढे ऊन चढते आणि सांगोल्यापर्यंत पेटीला सावली मिळत नाही, तेव्हा वरून ओले पोते आणि त्यावर चादर टाका. सोलापूरला पोहोचताना माशाच्या पोटाला हात लावल्यावर बोट बधिर झाले पाहिजे. तसे नसेल तर तो मासा खाऊ नका, कुणाला देऊही नका.

घरी कापताना कण्याच्या दोन्ही बाजूंनी चार लांब तुकडे निघतात. मधला काळपट लाल भाग वेगळा काढा, उग्रपणा सगळा त्यात असतो. उरलेले मांस आमसुलाच्या पाण्यात वीस मिनिटे ठेवा. काळे तिखट, आले-लसूण, मीठ चोळून जाड तव्यावर एका बाजूने दोन मिनिटे, दुसऱ्या बाजूने दोन मिनिटे, बस. आपल्याकडे मटणासारखे रटरटवायची सवय असते, पण कुपा जास्त शिजला की लाकूड होतो. पहिला तुकडा तव्यावरून उतरवला की तो त्या एसटी लागणाऱ्या मित्राच्या ताटात वाढा, आणि पाटा-वरवंट्यावरची शेंगा चटणी आता खुशाल काढा.